गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या भागांना धातुप्रक्रियेने बळ द्यायचं तर

माझ्या टेबलावर आत्ता एका रॅलीच्या गाडीचा तिसरा गिअर आहे. एक दात मुळापासून गेलाय आणि शेजारच्या दाताच्या बुडाशी केसाएवढी भेग आहे. तुटल्या जागी भिंग धरलं की दोन वेगळे भाग दिसतात. मुळाजवळ गुळगुळीत, मंद चमकेचा पट्टा आणि त्याच्या पुढे खडीसाखर फोडल्यावर दिसते तशी खरखर. पट्टा म्हणजे कणाकणाने पुढे सरकलेली भेग, खरखर म्हणजे शेवटचा झटका. मालक सांगत होता, "परवा घाटात अचानक तुटला." पण तो गिअर त्याच्या खूप आधीपासून तुटत होता.

प्रशियाच्या रेल्वेतले इंजिनिअर ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून एक गोष्ट दाखवून दिली. एकदाच दिला तर धातू सहज झेलेल असा ताण लाखो वेळा उलटसुलट दिला की तोच धातू तुटतो. याला आपण फटीग म्हणतो. फटीगची भेग बहुतेक वेळा पृष्ठभागावरच जन्म घेते: एखादा ओरखडा, टूलची रेघ, तीक्ष्ण कोपरा, गंजाचा खड्डा. म्हणून गिअर, कॉनरॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) किंवा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरती करणारा शाफ्ट) बळकट करायचा म्हणजे मुख्यतः त्याची कातडी बळकट करायची. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हे कोणासाठी आहे तेही सांगतो. ऑटोक्रॉस, रॅली, ट्रॅक किंवा ऑफरोडला गाडी पळवणारे, टर्बो बसवून टॉर्क वाढवलेले, आणि ज्यांच्या जुन्या गाडीचे भाग आता मिळत नाहीत असे लोक. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला यातल्या कशाचीही गरज नाही. तिला वेळेवर ऑइल आणि चांगला क्लच पुरतो. कायद्याचं म्हणाल तर आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल गाडीत केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. या प्रक्रियांनी त्या नोंदी बदलत नाहीत. वॉरंटीवर मात्र पाणी सोडायची तयारी ठेवा.

आधी तुटलेलं वाचा

भाग बाहेर काढल्यावर लगेच फोन लावून "हार्डनिंगचा काय रेट?" असं विचारू नका. पडक्या घराला रंग देण्यासारखं होईल ते. भाग कशाने गेला हे ओळखण्यात एक संध्याकाळ घालवा.

दात मुळापासून तुटला असेल आणि वर सांगितलेला गुळगुळीत पट्टा दिसत असेल तर तो वाकण्याचा फटीग. इथे शॉट पीनिंग (बारीक पोलादी गोळ्यांचा मोजूनमापून मारा) खरोखर उपयोगी पडतं. दाताच्या अंगावर, मधल्या रेषेच्या आसपास टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील तर पिटिंग. त्याला गुळगुळीत फिनिश, योग्य ऑइल आणि चांगली केस डेप्थ (वरच्या कडक कातडीची जाडी) लागते. दातावर उभे ओरबाडे आणि वितळून चिकटल्याच्या खुणा असतील तर स्कफिंग, म्हणजे ऑइलचा थर फाटला. आणि दात फक्त एका टोकाला झिजला किंवा तुटला असेल तर शाफ्ट वाकतोय, बेअरिंग ढिलं आहे किंवा केसिंग फाकतंय. या शेवटच्या प्रकारात जगातली कुठलीही प्रक्रिया त्या गिअरला वाचवणार नाही. नवा गिअर तिथेच तुटेल. आधी बेअरिंग, प्रीलोड आणि केसिंगचे बोअर बघा.

गिअर टाकताना खरखर होते, दुसरा गिअर पडत नाही, अशा तक्रारी बहुधा सिंक्रो रिंगच्या (गिअर जुळण्याआधी दोघांचा वेग सारखा करणाऱ्या रिंगांच्या) असतात. त्या पितळी रिंगा बदलायच्या. त्यांच्यावर कसलीही प्रक्रिया करायची नाही. त्याच वेळी गिअरबॉक्समध्ये कोणी डिफरन्शियलचं जीएल-५ ऑइल तर भरलं नाही ना ते विचारा. त्यातली गंधक-फॉस्फरसची तीव्र अ‍ॅडिटिव्ह पितळेला खाऊ शकतात. सिंक्रो असलेल्या बहुतेक मॅन्युअल बॉक्सना जीएल-४ बरं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते अंतिम.

गिअरला पाणी आधीच दिलेलं असतं

गावाकडे लोहार कोयत्याला पाणी देतो. धार लाल तापवून पाण्यात बुडवतो, मग थोडी ऊब परत वर येऊ देतो. जास्त कडक राहिली तर धार उडते, जास्त ऊब लागली तर पाणी उतरतं आणि कोयता बोथटतो. कारखान्यात गिअरला दिलेलं पाणी याच तत्त्वाचं आहे, फक्त तिथे कार्बन आधी आत शिरवावा लागतो.

गाड्यांचे गिअर सहसा २० एमएन सीआर ५, १६ एमएन सीआर ५, एसएई ८६२० अशा कमी कार्बनच्या पोलादातून करतात. कार्बन असतो साधारण ०.२ टक्के. एवढ्या कार्बनवर पोलाद चिवट राहतं, पण कडक होत नाही. म्हणून दात पाडल्यावर गिअर ९०० ते ९३० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत तासन्‌तास ठेवतात. याला कार्बुरायझिंग म्हणतात. पृष्ठभागावर कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास पोचतो. मग तेलात क्वेंच, म्हणजे झटकन थंड करणं, आणि शेवटी १५० ते २०० अंशांवर टेंपरिंग, म्हणजे लोहाराची ती परतची ऊब. हाती येतो तो गिअर वरून ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) कडक आणि आतून तीस-चाळीस एचआरसीचा चिवट. ही कडक कातडी कारच्या गिअरवर अर्धा ते एक मिलिमीटर जाड असते. शिवाय कार्बन असलेली कातडी गाभ्यानंतर कडक होते आणि होताना फुगू पाहते. गाभा तिला फुगू देत नाही, म्हणून ती कायमची दाबाखाली राहते. दाबाखालच्या कातडीत भेग सहजी उघडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. भागावर नंतर केलेली कुठलीही प्रक्रिया त्याच्या आधीच्या टेंपरिंगच्या तापमानाखालीच राहिली पाहिजे. १८० अंशांवर टेंपर झालेला गिअर ५२० अंशांच्या भट्टीत गेला की त्याचं पाणी उतरलंच.

हा नियम मी पैसे मोजून शिकलो. पंधराएक वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीचा अख्खा गिअरसेट आम्ही नायट्रायडिंगला (भट्टीत तापवून पृष्ठभागात नायट्रोजन शिरवायला) पाठवला. नायट्रायडिंगने कडकपणा वाढतो एवढंच तेव्हा ठाऊक होतं. भाग परत आले ते एकसारख्या राखाडी रंगाचे, देखणे. मी दातावर कानस फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. आम्ही खूश. तीन स्पर्धांत दातांची कातडी पापुद्र्यासारखी उडाली. मग लॅबमध्ये गिअरच्या बाजूच्या सपाट अंगावर रॉकवेल घेतला. साठाच्या जागी पंचेचाळीसच्या आसपास आकडा आला. नायट्राइडचा वरचा थर अगदी पातळ आणि कडक असतो, कानस त्याच्यावरच घसरते. रॉकवेल सीचा हिरा १५० किलोच्या भाराने दाबला जातो, तो पातळ थर फोडून खालच्या मऊ झालेल्या धातूपर्यंत जातो. खाली आधारच उरला नव्हता. प्रक्रिया करणाऱ्याची चूक नव्हती. आम्ही भागांसोबतच्या चलनावर काही लिहिलंच नव्हतं.

हाच नियम गॅरेजमध्येही लागू आहे. बेअरिंग किंवा गिअर शाफ्टवर चढवायला गॅस टॉर्च लावू नका. पोलादावर गव्हाळ रंग आला म्हणजे ते २२० अंशांच्या पुढे गेलं, निळा आला म्हणजे ३०० च्या आसपास. निळा झालेला कार्बुराइज्ड गिअर बाद समजा. बेअरिंग इंडक्शन हीटरवर किंवा गरम तेलात, ११०-१२० अंशांपर्यंतच तापवा.

भाग बाहेर पाठवण्याआधी

पहिलं काम धुण्याचं. डिझेल, मग डिग्रीझर, मग गरम पाणी, मग हवा आणि लगेच हलकं तेल. क्रँकचे ऑइल गॅलरीचे (आतल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढायचेच. आतला काळा गाळ भट्टीत गेला तर भट्टीही खराब होते आणि तुमचा क्रँकही.

मग भेगा शोधायच्या. पोलादी भागासाठी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी, म्हणजे आपल्या भाषेत मॅग्नाफ्लक्स. भागाला चुंबकत्व देऊन त्यावर चमकणाऱ्या लोहकणांचा द्रव ओततात आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा धरतात. भेग असेल तिथे कण गोळा होऊन हिरवी रेघ उमटते. कॉनरॉडच्या बोल्टच्या बसणीपाशी, क्रँकच्या फिलेटवर (कोपऱ्यातल्या गोलाईवर), गिअरच्या दाताच्या बुडाशी जास्त वेळ बघा. झाल्यावर चुंबकत्व काढून टाकायला सांगा, नाहीतर तो भाग इंजिनात धातूचा किस धरून बसेल. अ‍ॅल्युमिनियमला ही पद्धत चालत नाही, तिथे डाय पेनेट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा रंग. भेग सापडली तर भाग भंगारात. पीनिंगने भेग मिटत नाही, फक्त झाकली जाते, आणि झाकलेली भेग उघड्या भेगेपेक्षा वाईट.

तिसरं, मापं. क्रँक व्ही ब्लॉकवर ठेवून डायलने रनआउट (फिरताना येणारी डगमग), प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांना, कॉनरॉडचा बिग एंड (क्रँकवर बसणारं मोठं टोक) बोअर गेजने. वहीत लिहा, फोटो काढा. परत आल्यावर हीच मापं पुन्हा घ्यायची आहेत. आणि हार्डनेस एका ठिकाणी तरी घ्या, पण कधीही दाताच्या कामाच्या अंगावर किंवा फिलेटवर नाही. रॉकवेलचा तो छोटा खड्डाच उद्याची भेग होतो.

शॉट पीनिंग

पुण्यात कसबा पेठेच्या तांबट आळीत गेलात तर तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके ऐकू येतात. त्याला मठारकाम म्हणतात. मठारलेलं पातेलं चकाकतं, आणि साध्यापेक्षा ताठही होतं. शॉट पीनिंगमध्ये हेच काम लाखो बारीक पोलादी गोळ्या करतात. प्रत्येक गोळी पृष्ठभागावर सूक्ष्म वाटी पाडते, तिथला धातू पसरू पाहतो, खालचा धातू त्याला धरून ठेवतो. परिणामी वरचा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा थर दाबाखाली राहतो. दाताच्या बुडाशी येणाऱ्या ओढीला आधी हा दाब फेडावा लागतो, मगच भेग उघडायला ताण उरतो. गॅस कार्बुरायझिंगमध्ये पृष्ठभागावर दहा-वीस मायक्रॉनचा ऑक्सिडेशनने कमकुवत झालेला थर राहतो, त्याचं नुकसानही पीनिंग बऱ्याच अंशी भरून काढतं. शिवाय सगळं काम थंड होतं, त्यामुळे पाणी उतरायचा प्रश्न नाही. म्हणून तयार कार्बुराइज्ड गिअरसाठी मी सगळ्यात आधी हेच सुचवतो.

एक घोटाळा मात्र सर्रास होतो. शॉट ब्लास्टिंग आणि शॉट पीनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लास्टिंग साफसफाईसाठी असतं. गोळ्या तुटक्या-मिसळ असतात, कोणी काही मोजत नाही. तुटलेल्या गोळीची धार पृष्ठभागावर ओरखडा पाडते आणि आपण बळ द्यायला पाठवलेला भाग कमजोर होऊन परत येतो. ओळखायची खूण सोपी आहे. दुकानात गेल्यावर विचारा, "अल्मेन पट्टी लावता का?" चेहऱ्यावरून कळेल.

अल्मेन पट्टी जनरल मोटर्समधल्या जॉन अल्मेन यांच्या नावाची. ७६ मिलिमीटर लांब, १९ रुंद अशी स्प्रिंग स्टीलची सपाट पट्टी. नेहमीच्या 'ए' पट्टीची जाडी १.२९ मिलिमीटर. ती पोलादी ठोकळ्यावर चार स्क्रूंनी आवळून जॉबच्या जागी त्याच माऱ्यात धरतात. स्क्रू सोडले की ती मारा बसलेल्या बाजूला फुगून धनुष्यासारखी वाकते. किती वाकली हे गेजवर मोजायचं, तीच पीनिंगची तीव्रता. वेगवेगळ्या वेळेच्या पट्ट्या मारून आलेख काढतात. वेळ दुप्पट केल्यावर वाक दहा टक्क्यांहून जास्त वाढत नाही, तो बिंदू धरायचा. पहिल्यांदा मी ती वाकलेली पट्टी तळहातावर घेतली तेव्हा पीनिंग खऱ्या अर्थाने समजलं. एका बाजूला नुसत्या गोळ्या आपटून सव्वा मिलिमीटर जाड स्प्रिंग स्टील वाकलं होतं.

गिअरसेट पाठवताना मी चलनावर साधारण असं लिहितो:

"२० एमएन सीआर ५, केस कार्बुराइज्ड, ५८ ते ६२ एचआरसी. दाताच्या मुळाशी शॉट पीनिंग, हार्ड शॉट, ०.३० ते ०.४० मिमी ए, कव्हरेज २०० टक्के. बेअरिंगच्या बसण्या, सिंक्रोचे कोन, बोअर आणि थ्रेड झाकणे. जॉब १५० अंशांच्या वर तापवू नये. अल्मेन पट्ट्या जॉबसोबत परत पाठवणे."

यातल्या प्रत्येक शब्दाला कारण आहे. हार्ड शॉट अशासाठी की साठ एचआरसीच्या दातावर पंचेचाळीसची गोळी मारली तर गोळीच चपटी होते. गोळीचा आकार दाताच्या मुळाच्या गोलाईत नीट पोचेल इतका लहान हवा. साधा नियम म्हणजे गोळीची त्रिज्या मुळाच्या त्रिज्येपेक्षा बरीच कमी. बारीक दातांच्या गिअरला वर लिहिलेली तीव्रता जास्त होईल, ती कमी करून घ्या. पातळ कडांवर जोराचा मारा कडा दुमडतो. कव्हरेज २०० टक्के म्हणजे पृष्ठभाग पूर्ण भरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ. सिंक्रोचा कोन झाकायचा कारण तिथलं फिनिशच घर्षण ठरवतं. तो खडबडीत झाला तर नवी पितळी रिंग महिनाभरात खलास.

पीनिंगनंतर ग्राइंडिंग नाही. दाबाचा थर एवढा पातळ असतो की ग्राइंडरचा एक पास तो घेऊन जातो. दाताचं अंग पीनिंगने थोडं खडबडीत होतं, आणि पिटिंगची तक्रार असेल तर ते परवडत नाही. मग पीनिंगनंतर व्हायब्रेटरी सुपरफिनिशिंग करून घ्या. सिरॅमिक खडे आणि सौम्य रसायनात गिअर फिरवत ठेवतात, फक्त उंचवटे जातात आणि दात आरशासारखा होतो. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.१ मायक्रॉन आरएच्या खाली येतो. ऑइलचा थर फाटायचं प्रमाण घटतं, गिअरबॉक्स थंड चालतो.

आणि गणित करताना हात आखडता ठेवा. टॉर्क दीडपट केला आणि पीनिंगने भरून निघेल असं होत नाही. तिथे जास्त रुंद दातांचा गिअरसेटच लागतो.

कॉनरॉड

कॉनरॉडला सगळ्यात जास्त ओढ बसते ती पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. ६००० ऐवजी ७००० फिरवलं तर आरपीएम सतरा टक्के वाढतात, ओढ छत्तीस टक्के. म्हणून जो फक्त टर्बो लावतो त्याच्यापेक्षा जो रेव्ह लिमिट वाढवतो त्याला रॉडची काळजी जास्त हवी.

फोर्ज केलेल्या रॉडच्या दांड्याच्या दोन्ही कडांवर डायच्या जोडाची उंच रेघ असते. ती बारीक बेल्टने, दांड्याच्या लांबीच्या दिशेनेच, घासून सपाट करायची. ८० ग्रिटने सुरू करून १२०, मग २४०. आडवी घासलीत तर प्रत्येक रेघ ओढीला काटकोनात पडते आणि तुम्ही स्वतःच भेगांची जागा तयार करता. रेघ गेली की थांबा, जास्त धातू काढू नका. मग मॅग्नाफ्लक्स, मग पीनिंग. बिग एंड, स्मॉल एंडचे बोअर, बोल्टची भोकं आणि जोडाचे चेहरे झाकून. परत आल्यावर बोअर गेज लावा. बिग एंड थोडा लांबटगोल झालेला असू शकतो, तो होन करून मापात आणायचा. वजन सगळ्यात शेवटी जुळवायचं. मोठ्या आणि लहान टोकाचं वेगवेगळं.

अलीकडच्या पुष्कळ इंजिनांत रॉडची कॅप कापलेली नसते, मुद्दाम फोडलेली असते. जोडाचे चेहरे फुटलेल्या दगडासारखे दिसतात. ते एकमेकांतच बसतात. त्यांना कानस, एमरी काही लावायचं नाही आणि कॅपची अदलाबदल तर कधीच नाही. आणि रॉड बोल्ट नवेच घ्या. इथे काटकसर करून फुटलेले ब्लॉक मी पाहिले आहेत, फार वाईट वाटतं.

क्रँकशाफ्ट: नायट्रायडिंगची खरी जागा

नायट्रायडिंगमध्ये भाग ५०० ते ५५० अंशांवर अमोनिया वायूत किंवा प्लाझ्मात ठेवतात. नायट्रोजन पृष्ठभागात शिरतो आणि क्रोमियम, मॉलिब्डेनम, अ‍ॅल्युमिनियम यांच्याशी कडक संयुगं करतो. क्वेंच नाही, त्यामुळे वाकडेपणा अगदी थोडा. ०.३ मिलिमीटर खोलीसाठी वायूच्या भट्टीत तीसेक तास सहज लागतात. ईएन १९ या मिश्र पोलादावर सहाशेच्या पुढे व्हिकर्स (कडकपणाचंच आणखी एक माप) मिळतात, ईएन ४१बी सारख्या अ‍ॅल्युमिनियम असलेल्या पोलादावर हजारच्या घरात. साध्या ईएन ८ ला विशेष फायदा होत नाही, कारण त्यात नायट्रोजनला धरणारे घटकच नाहीत. कास्ट एसजी आयर्नच्या (एका प्रकारच्या ओतीव लोखंडाच्या) क्रँकला ५७० अंशांच्या आसपासचं नायट्रोकार्बुरायझिंग, म्हणजे नायट्रोजनसोबत थोडा कार्बनही शिरवणं, चालतं.

पण आधी एक प्रश्न सोडवा. तुमच्या क्रँकचे जर्नल इंडक्शन हार्डन (विजेच्या कॉइलने फक्त वरचा थर तापवून कडक) केलेले आहेत का? बऱ्याच गाड्यांचे असतात. तसं असेल तर नायट्रायडिंग करायचं नाही. गिअरचं झालं तेच इथे होईल: इंडक्शनचा थर दोन-तीन मिलिमीटर खोल असतो, तो मऊ पडेल. जर्नलच्या कडेला नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल, लावून पाहिलं की कडक पट्ट्याची सीमा वेगळ्या छटेत दिसते. हे लॅबकडूनच करून घ्या.

नायट्रायडिंग ठरलं तर क्रम असा. जर्नल अंडरसाइज (मूळ मापापेक्षा बारीक) ग्राइंड करायचे असतील तर आधी ग्राइंडिंग, आणि फिलेटची गोलाई मूळ मापाची ठेवायला ग्राइंडिंगवाल्याला बजावून सांगा. तिथे कोपरा तीक्ष्ण झाला तर पुढचं सगळं व्यर्थ. मग बॅलन्सिंगची ड्रिलिंग. मग क्रँक सरळ आहे ना ते बघून स्ट्रेस रिलीफ, नायट्रायडिंगच्या तापमानाच्या थोडं वर पण मूळ टेंपरिंगच्या खाली. थ्रेडना टिनचा किंवा तांब्याचा लेप. भट्टीत क्रँक उभा टांगून घ्या, आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो. त्याच पोलादाचा एक तुकडा सोबत पाठवा, तो कापून खोली मोजता येते. व्यास दहा-वीस मायक्रॉन वाढेल हे धरून ग्राइंडिंग करा. शेवटी पॉलिश. वर पांढरा ठिसूळ थर येतो, तो जर्नलवरून पॉलिशने निघाला पाहिजे.

नायट्राइड झालेला क्रँक प्रेसखाली सरळ करायचा प्रयत्न करू नका, फिलेटवर भेगा पडतात. आणि पुढे कधी तो पुन्हा अंडरसाइज ग्राइंड केलात तर थर गेला असं समजून पुन्हा नायट्रायडिंग.

क्रायो, लेप आणि क्रोम

क्रायोजेनिकबद्दल, म्हणजे भाग अतिथंड करण्याबद्दल, मला फार विचारतात. क्वेंच झाल्यावर पोलादात थोडा ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या पोलादाची रचना, तसाच मऊ राहतो. उणे ८० अंशांपर्यंत नेलं तर त्यातल्या बऱ्याचशाचा मार्टेन्साइट, म्हणजे कडक रचना, होतो. द्रव नायट्रोजनने उणे १८५ च्या खाली, हळूहळू नेऊन, दिवसभर ठेवून, मग पुन्हा टेंपर केलं तर टूल स्टीलची झीज कमी होते हे नक्की. गिअरच्या बाबतीत मी जपून बोलतो. कार्बुरायझिंग नीट झालेलं असेल तर फरक थोडाच. शिवाय थोडासा ऑस्टेनाइट पिटिंगला उपकारकही असतो. पैसे मोजकेच असतील तर ते पीनिंगवर खर्च करा.

डीएलसीचा (हिऱ्यासारख्या कार्बनचा) लेप पिस्टन पिन आणि टॅपेटवर छान काम करतो. लेप देणाऱ्याला तापमान विचारा आणि आपल्या टेंपरिंगशी ताडून पाहा. हार्ड क्रोम किंवा झिंक प्लेटिंग कडक बोल्ट-शाफ्टवर केलंत तर हायड्रोजन आत शिरतो आणि भाग काही तासांनी किंवा दिवसांनी, नुसता घट्ट आवळलेला असतानाच तटकन तुटतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास कित्येक तास बेक केल्याशिवाय असा भाग घेऊ नका. आणि १८० ला टेंपर झालेल्या भागाला ते बेकिंगही जास्त होतं, म्हणून तिथे प्लेटिंगच नको.

हेड वेल्ड केलं असेल तर

बहुतेक सिलिंडर हेड एलएम २५ सारख्या अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचे असतात आणि त्यांनाही पाणी दिलेलं असतं: ५३० अंशांच्या आसपास काही तास, गरम पाण्यात क्वेंच, मग १६० च्या आसपास दहाएक तास एजिंग. गाडी भयंकर तापली किंवा चेंबरमध्ये वेल्डिंग केलं की ते जातं. हेडचा सपाट चेहरा ब्रिनेल कडकपणा चाचणीने तपासा. आकडा खूप पडला असेल तर गॅस्केटखाली चेहरा दबत राहतो आणि गॅस्केट पुन्हा पुन्हा उडतं. हीट ट्रीटमेंट पुन्हा करता येते, पण व्हॉल्व्हच्या गाइड आणि सीट आधी काढाव्या लागतात आणि नंतर सगळं मशिनिंग नव्याने. नवं हेड मिळत असेल तर मी नवंच घेतो.

जोडणी आणि पहिले किलोमीटर

प्रक्रियेहून परत आलेला भाग स्वच्छ दिसतो आणि स्वच्छ नसतो. पीनिंगची एक गोळी ऑइलच्या भोकात अडकली तर बेअरिंग शेल संपलं. क्रँकच्या प्रत्येक गॅलरीत ब्रश घाला, केरोसिन सोडा, हवा मारा, दुसऱ्या टोकाला पांढरं फडकं धरा. फडक्यावर ठिपका दिसेनासा होईपर्यंत पुन्हा. मग नवे प्लग. मापं वहीतल्या मापांशी ताडून पाहा. सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर दाबून मधली फट फीलरने बघा, ती मॅन्युअलमधल्या मापाखाली असेल तर कोन नीट झाकला गेला नव्हता किंवा रिंग झिजलेली आहे.

ड्रेन प्लग चुंबकाचा लावा. पहिले दोनशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलवर, सगळे गिअर वापरत, घाटात जोर न लावता चालवा. मग ऑइल गरम असतानाच काढा आणि प्लगवरचा थर बोटांत चोळा. करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट आली तर नवं ऑइल भरून निघा. नखाने उचलता येईल असा चकचकीत खवला हाताला लागला तर गाडी तिथेच उभी करा आणि बॉक्स उतरवा.